वन्यप्राणी पशुवैद्यक : विशेषज्ञ प्रशिक्षण व प्रमाणन

प्राणिसंग्रहालयांतील व मुक्त वन्यप्राण्यांवर उपचार करण्यासाठी पशुवैद्यकाच्या मूळ पदवीनंतर घेतले जाणारे प्रशिक्षण आणि परीक्षेअंती मिळणारी विशेषज्ञ-मान्यता. या शाखेला ‘झुऑलॉजिकल मेडिसिन’ असेही म्हणतात.

प्राणिसंग्रहालयाचा पहिला पशुवैद्य कोण, याविषयी मतभेद आहेत. लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीने १८२९ मध्ये चार्ल्स स्पूनर यांना नेमले. १८३३ मध्ये त्यांची जागा विल्यम यूएट यांनी घेतली. अमेरिकी लेखक मात्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९०२ पासून काम करणाऱ्या रीड ब्लेअर यांच्याकडे बोट दाखवतात. पूर्णवेळ नोकरी हा निकष धरला तरच हे मत टिकते. नेमणुकीचाच विचार केल्यास स्पूनर यांचा मान मान्य करणे अधिक योग्य वाटते. विद्यापीठीय शिक्षणाची सुरुवात साधारणतः १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मरे फाउलर यांच्या अभ्यासक्रमापासून मानतात.

वेगळ्या प्रशिक्षणाची निकड औषधाच्या मात्रेत सर्वांत तीव्रपणे जाणवते. ऑगस्ट १९६२ मध्ये ओक्लाहोमा सिटीत टस्को नावाच्या हत्तीला प्रयोगासाठी २९७ मिग्रॅ. एलएसडी (भ्रम निर्माण करणारे द्रव्य) टोचण्यात आले. काही मिनिटांतच तो कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. ही मात्रा मांजराच्या मात्रेवरून थेट वजनाच्या पटीत काढली होती. त्याच मात्रेवरून पण चयापचयाच्या वेगानुसार (मोठ्या प्राण्यात तो वजनाच्या मानाने मंद असतो) हिशेब केला असता, तर ती सुमारे ८० मिग्रॅ. भरली असती. त्याला सावरण्यासाठी दिलेल्या औषधांनीच मृत्यू ओढवला, असेही काहींचे म्हणणे आहे आणि ते नाकारता येत नाही. पण त्यामुळे हिशेबाची पद्धत बरोबर ठरत नाही.

भुलीच्या डार्टमध्ये (लांबून मारायच्या सुईत) जेमतेम काही मिली. औषध मावते, म्हणून ते तीव्र असावे लागते. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रणात ५०० मिग्रॅ. कोरडे झायलाझिन हे गुंगीचे औषध ४ मिली. केटामाइन या भुलीच्या औषधात (१०० मिग्रॅ. प्रति मिली.) विरघळवतात. जनावराचे वजन मात्र नजरेनेच ठरवावे लागते, आणि ही नजर पुस्तकातून येत नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ झुऑलॉजिकल मेडिसिन १९८३ पासून प्रमाणन करते; येथे ‘कॉलेज’ म्हणजे महाविद्यालय नव्हे, तर विशेषज्ञांना मान्यता देणारी संस्था. सामान्यतः तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण किंवा प्रदीर्घ अनुभव, तसेच प्रसिद्ध संशोधन या अटी पुऱ्या झाल्यावर परीक्षेला बसता येते. तीत सस्तन प्राणी, पक्षी, सरीसृप व उभयचर, जलचर आणि मुक्त वन्यप्राणी असे सर्व गट येतात. युरोपीय कॉलेज १९९३ मध्ये केवळ पक्षिवैद्यकासाठी सुरू झाले व पुढे विस्तारले. तेथे वन्य समष्टीचे (एकेका प्राण्याऐवजी प्राण्यांच्या समूहाचे) आरोग्य ही स्वतंत्र उपशाखा आहे. तिचे मोल भारतीय उपखंडाने गिधाडांच्या ऱ्हासातून जाणले : गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोहोचून ती निकामी करत होते. भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी घातली.

भारतात पशुवैद्यांची नोंदणी १९८४ च्या कायद्यानुसार होते. वन्यप्राण्यांसाठी अशी कॉलेज-पद्धतीची मान्यता रुळलेली नाही. काही विद्यापीठांत वन्यजीव विषयातील पदव्युत्तर शिक्षण मिळते. महाराष्ट्रात नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाडा येथे आहे.