खांद्याच्या लवचिकतेचे मापन (फेकी करणाऱ्या खेळाडूंमधील)

बेसबॉलचा पिचर (चेंडू फेकणारा), भालाफेकपटू, टेनिसची सर्व्हिस किंवा व्हॉलीबॉलचा स्मॅश मारणारा खेळाडू यांचा हात डोक्याच्या वरून पुन्हा पुन्हा झटक्याने खाली येतो. अशा खेळाडूचा खांदा आत व बाहेर किती अंश फिरतो, हे मोजण्याच्या पद्धतीची ही नोंद. पिचिंगमध्ये दंड आत फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे 7,000 अंशांवर जातो. तो ताण वर्षानुवर्षे सोसून खांद्याची ठेवण बदलते.

खेळाडू टेबलावर उताणा झोपतो. दंड अंगापासून 90 अंश बाजूला, कोपर काटकोनात, बोटे छताकडे. कोपर मागे लोंबू नये म्हणून दंडाखाली घडी घातलेला टॉवेल सरकवतात. मनगट डोक्याकडे झुकले की बाह्य घूर्णन, पायांकडे झुकले की आतील घूर्णन. गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याचे दोन पट्ट्यांचे साधन. त्याचा मध्य कोपराच्या टोकावर, एक पट्टी उभ्या रेषेत आणि दुसरी मनगटाच्या दिशेने हाडाला समांतर धरतात. खरी मेख खांद्याच्या पात्यात आहे. हात आत फिरवताना पाते टेबलावरून उचलले जाते आणि सांधा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा मोकळा भासतो. म्हणून तपासणारा एका हाताने पाते दाबून धरतो व ते हलू लागताच तिथेच कोन वाचतो. ही धर सुटली तर आकडा फुगतो, आणि दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत त्याचे कारण बहुधा हेच असते.

सर्वसाधारणपणे बाह्य घूर्णन 90 व आतील 70 अंश धरतात. फेकीच्या हातात मात्र पहिले वाढते, दुसरे घटते. त्यामुळे सुटा आकडा पाहून काही कळत नाही. दुसऱ्या खांद्याशी तुलना आणि दोन्ही घूर्णनांची बेरीज पाहावी लागते. समजा, उजवा खांदा बाहेर 120 व आत 50 अंश फिरतो, डावा 100 व 70. आतील घूर्णन 20 अंशांनी कमी असले तरी बेरीज दोन्हीकडे 170 आहे. म्हणजे फिरण्याचा एकूण पल्ला (कंस) तेवढाच आहे, तो नुसता मागे, बाह्य घूर्णनाकडे सरकला आहे. उजवीकडे 110 व 45 भरले असते, तर बेरीज 155 होऊन फिरणे खरोखरच आखडले असे म्हणता आले असते. आतील घूर्णनातील 18 ते 20 अंशांची तूट किंवा बेरजेतील 5 अंशांहून जास्त फरक दिसला की फिजिओथेरपिस्ट सावध होतात.

कंस सरकण्यामागे बराचसा वाटा हाडाचा असतो. जन्माच्या वेळी दंडाच्या हाडाचे डोके बरेच मागे वळलेले असते व वाढीच्या वयात ते वळण कमी होत जाते. लहानपणापासून फेकी करणाऱ्या हातात ते तितके कमी होत नाही. हे वळण अल्ट्रासाऊंडने अजमावता येते. त्यावर ताणाचे व्यायाम चालत नाहीत. सांध्याच्या मागच्या आवरणातील व स्नायूंतील ताठरपणावर चालतात.

हात पाठीमागे नेऊन अंगठा कोणत्या मणक्यापर्यंत पोहोचतो, ही चाचणी झटपट होते. पण तिच्यात कोपर, पाते, अंगठा सगळेच मिसळलेले असल्याने ती ढोबळच मानावी.

भरपूर फेकी झाल्यावर आतील घूर्णन तात्पुरते घटते आणि ही घट दुसऱ्या दिवशीही टिकू शकते. म्हणून मोजणी सरावाआधी, शक्यतो त्याच माणसाने, दोन-तीनदा करून सरासरी घेतात. गोनिओमीटर वाचताना काही अंशांची चूक सहज होते, तेव्हा एकाच वाचनावरून 5 अंशांचा फरक काढून निदान करणे धाडसाचे ठरते.