खनिजसाठ्याच्या आकड्याखाली सही कुणाची? थोडी पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२० मधलं सोनभद्रचं सोनं आठवतंय का? उत्तर प्रदेशात तीन हजार टन सोनं सापडलं म्हणून बातमी आली आणि आता गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, भाव पडणार का असल्या फॉरवर्डचा नुसता पाऊस पडला, रिझर्व्ह बँकेकडं त्या वेळी सहाशे-साडेसहाशे टन सोनं होतं, त्यामुळं एवढ्या मोठ्या आकड्यावर कुणीतरी जरा थांबून विचार करायला हवा होता, पण थांबतंय कोण. मग जीएसआयनं, म्हणजे सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं, खुलासा केला की तिथं सोनं असलेला दगड आहे साधारण ५२,८०६ टन आणि त्यात टनामागं सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. करा गुणाकार. १६० किलो होतं. आणि तेही सगळं हाताला लागेल असं नाही, काढताना आणि गाळताना काही जाणारच.

आता विचारायची गोष्ट ही की तीन हजार टन हा आकडा ज्यानं कुणी सांगितला त्याला तो सांगायचा अधिकार होता का. खाणधंद्यात हा प्रश्न शंभर वर्षांपेक्षा जुना आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी लोकांचे पैसे बुडाल्यावरच सापडलंय.

सुरुवातीला सगळा मामला तोंडी विश्वासावर चालायचा. लंडनच्या शेअरबाजारात खाणींचे शेअर विकताना इंजिनियर लोक 'नजरेत असलेला साठा' असं बिनधास्त लिहायचे, पण कुणाची नजर किती लांब जाते त्याला काही माप नव्हतं. हर्बर्ट हूवर, जो पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तो मुळात खाण इंजिनियर. त्यानं १९०९ च्या आपल्या पुस्तकात हे शब्द टाकून द्या म्हणून सांगितलं आणि खात्रीचा, संभाव्य असे साठ्याचे वेगळे टप्पे करा असं सुचवलं. सल्ला चांगला होता, पण सल्ल्यानं शेअरबाजार सुधारतोय होय.

खरा दणका बसला ऑस्ट्रेलियात. १९६९ च्या सुमाराला व्हिएतनाम युद्धामुळं निकेलचा भाव चढलेला, त्यात पोसायडन नावाच्या छोट्या कंपनीला विंडारा इथं निकेल लागलं, आणि एक डॉलरच्या आतला शेअर काही महिन्यांत, फेब्रुवारी १९७० मध्ये, २८० डॉलरवर गेला. नंतर कळलं की दगडात निकेल सुरुवातीला वाटलं त्यापेक्षा कमी आहे, तोवर निकेलचा भावही उतरला, आणि शेवटी कंपनीच गाळात गेली. तिच्या मागं पळणाऱ्या कितीतरी कंपन्यांकडं तर दाखवायला दगडसुद्धा नव्हता. मग १९७१ मध्ये तिथल्या उद्योगानं आणि व्यावसायिक संस्थेनं मिळून एक समिती नेमली, तीच जॉर्क (जॉइंट ओअर रिझर्व्ह्ज कमिटी). त्यांचा कोड, म्हणजे साठ्याचे आकडे कसे जाहीर करायचे याची नियमावली, मात्र १९८९ ला आला, म्हणजे अठरा वर्षं लागली, पण त्याच वर्षी तो शेअरबाजाराच्या लिस्टिंगच्या नियमांत घातला गेला त्यामुळं पाळणं भाग पडलं.

या कोडमधली माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्यांनी नुसते साठ्याचे वर्ग करून सोडले नाहीत तर एक माणूस उभा केला, कॉम्पिटंट पर्सन. कंपनीनं आकडा जाहीर केला की त्याखाली या माणसाचं नाव पाहिजे, त्याची लेखी संमती पाहिजे. त्याच्या अटी काय, तर मान्यताप्राप्त संस्थेचा सभासद हवा, म्हणजे चुकला तर तिथं तक्रार होऊ शकते आणि सभासदत्व जाऊ शकतं. आणि किमान पाच वर्षांचा अनुभव, तोही नुसता खाणीतला नव्हे, त्याच प्रकारच्या खनिजातला आणि तेच काम केल्याचा. सोन्यात वीस वर्षं घालवलेला माणूस आपल्या बॉक्साइटला चालेलच असं नाही.

हे आपल्याकडचंच उदाहरण घेऊन सांगतो. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरून बॉक्साइट निघून बेळगावला ॲल्युमिना, म्हणजे ज्यापासून पुढं ॲल्युमिनियम बनतं ती पावडर, करायला जातं. वर जांभ्याची टोपी, खाली बॉक्साइट, त्याखाली चिकणमाती आणि मग आपला काळा बेसॉल्ट. ऐकायला सोपं, पण हा थर पोळीसारखा सारखा पसरलेला नसतो, एका बोअरमध्ये चांगला जाड मिळतो आणि जवळच्याच दुसऱ्या बोअरमध्ये नुसता जांभा. शिवाय ॲल्युमिना किती एवढं बघून भागत नाही, सिलिका किती तेही बघावं लागतं कारण प्लांटमध्ये ती कॉस्टिक सोडा खाते. दोन बोअरमधलं अंतर किती ठेवलं की मधली जागा धरून चालता येते हे ज्यानं प्रत्यक्ष खाण उघडल्यावर आपला अंदाज कुठं फसला ते बघितलंय त्यालाच कळतं. अंदाज आणि प्रत्यक्ष निघालेला माल यांच्या या ताळ्याला रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि खरं शिक्षण तिथंच होतं, सॉफ्टवेअरच्या कोर्समध्ये नाही. सॉफ्टवेअर काय, क्रिगिंगचं, म्हणजे बोअरमधल्या आकड्यांवरून मधल्या जागेचा अंदाज काढणाऱ्या गणिताचं, बटण दाबलं की रंगीत मॉडेल देतंच. १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोनखाणींतले आकडे घेऊन डॅनी क्रिगनं जे काम केलं, त्याच्या नावानं ही पद्धत आली, पण आत गेलेला नमुनाच खोटा असेल तर गणित काय करणार.

आणि नमुना खोटा असू शकतो हे ब्री-एक्सनं दाखवलं. कॅनडाची कंपनी, इंडोनेशियातलं बुसांग, साठा वाढत वाढत सात कोटी औंसांवर नेलेला. नेहमीची रीत अशी की ड्रिलिंगमधून आलेला दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, उभा चिरायचा, अर्धा लॅबला पाठवायचा, अर्धा पेटीत जपून ठेवायचा, उद्या कुणाला शंका आली तर पेटी उघडून दाखवता येते. बुसांगला जवळपास सगळा कोअर दळून टाकला. तपासणाऱ्यांना सोन्याचे कण सापडले ते गोलसर, नदीच्या वाळूत घासल्यासारखे, खडकातून आलेले असे दिसत नाहीत. मार्च १९९७ मध्ये तिथला जिऑलॉजिस्ट हेलिकॉप्टरमधून पडून मेला, मे मध्ये स्वतंत्र अहवाल आला की सोनं वरून मिसळलंय, आणि सुमारे सहा अब्ज कॅनेडियन डॉलरची कंपनी शून्यावर आली.

त्यातून २००१ मध्ये खाणींची माहिती जाहीर करण्याबद्दलचा कॅनडाचा एनआय ४३-१०१ हा नियम आला, तिथं आकड्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला क्वालिफाइड पर्सन म्हणतात. ऑन्टारिओनं तर २००० साली जिऑलॉजिस्टना लायसन्स देणारा कायदाच केला. आता बघा, कॅनडानं कायद्याचं लायसन्स धरलं आणि ऑस्ट्रेलियानं मुख्यतः माणसाच्या स्वतःच्या मनावर सोडलं: मी या कामाला लायक आहे हे आपल्याच व्यवसायातल्या लोकांसमोर उभं राहून सिद्ध करता येईल का, असं त्यानं स्वतःला विचारायचं. ऐकायला भाबडं वाटतं. मला मात्र हा प्रश्न लायसन्सपेक्षा जास्त अवघड वाटतो, कारण कागद एकदा मिळाला की माणूस निवांत होतो.

भारतात गाडी वेगळ्या रुळावरून गेली. इथं साठ्याचा आकडा गुंतवणूकदारापेक्षा सरकारला जास्त लागायचा, म्हणून जोर मायनिंग प्लॅनवर, म्हणजे खाण कशी चालवणार त्याच्या आराखड्यावर. तो करायला नागपूरच्या आयबीएमची (इंडियन ब्युरो ऑफ माइन्स) मान्यता घेतलेला आरक्यूपी, म्हणजे रेकग्नाइज्ड क्वालिफाइड पर्सन, लागायचा. २०१६ च्या नियमांत मान्यतेची भानगड गेली, डिग्री आणि सुपरवायझरी कामाचा पाच वर्षांचा अनुभव असला की झालं. त्याआधी २०१५ पासून खाणी लिलावात गेल्या आणि जी४ ते जी१ हे शोधाचे टप्पे महत्त्वाचे झाले, जी४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, जी१ म्हणजे सविस्तर. जम्मूतल्या रियासीचं ५९ लाख टन लिथियमचं खनिज २०२३ मध्ये गाजलं ते जी३ वरचं होतं. बातम्यांत जी३ कुठंतरी तळाला, आकडा मात्र मथळ्यात. त्याच्या लिलावाला पुरेशा कंपन्याच आल्या नाहीत.

२०१९ मध्ये खाण इंजिनियरांची संघटना आणि उद्योगांचा महासंघ यांनी मिळून जॉर्कच्याच धर्तीवर भारतीय कोड आणला, आयएमआयसी (इंडियन मिनरल इंडस्ट्री कोड), आणि त्याच वर्षी भारत या सगळ्या कोडवाल्या देशांच्या क्रिरस्को या गटात गेला. म्हणजे आता भारतीय संघटनेत नोंदणी करूनही कॉम्पिटंट पर्सन होता येतं, परदेशी संस्थेची फी भरायची गरज नाही. पण सरकारी लिलाव अजून जी-टप्प्यांवरच चालतो, त्यामुळं ज्या कंपनीला बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून पैसा उभा करायचाय तिला एकाच खाणीचे दोन हिशोब मांडावे लागतात, एक सरकारसाठी आणि एक त्यांच्यासाठी.