सरोवराच्या नावातला समुद्र

जपानी शिकताना पाण्याच्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरचिन्हं, तशा लवकर ओळखीच्या होतात. बहुतेकींच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात, त्याला 'सान्झुइ' म्हणतात. धबधब्याच्या कांजीत तर त्या थेंबांशेजारी चक्क ड्रॅगन बसलेला असतो. 'कावा' म्हणजे नदी मात्र थेंबांशिवाय, नुसत्या तीन उभ्या रेघा.

गाडं अडतं सरोवरापाशी. शब्द आहे 'मिझुउमी', फोड केली तर 'पाण्याचा समुद्र'. आता बिनपाण्याचा समुद्र कुठं असतो? पण जुन्या जपानीत 'उमी' समुद्रालाही म्हणत आणि मोठ्या सरोवरालाही. खारं नाही हे सांगायला आधी 'मिझु', म्हणजे पाणी, लागलं.

आपण ज्याला गोडं पाणी म्हणतो, ते जपान्यांच्या लेखी 'आवा', म्हणजे फिकं. जपानमधलं सर्वांत मोठं सरोवर बिवा, सुमारे ६७० चौ. किमी. त्याचं जुनं नाव 'आवाउमी', फिका समुद्र. तेच झिजून 'ओमी' झालं आणि भोवतालच्या प्रांतालाही चिकटलं. पूर्वेला हामाना हे दुसरं सरोवर. मग तेव्हाच्या राजधानीजवळचा फिका समुद्र आणि लांबचा फिका समुद्र अशी दोन प्रांतांची नावं पडली. ७१२ सालच्या 'कोजिकी' या जुन्या जपानी ग्रंथात ती तीन-तीन कांजींत लिहिलेली सापडतात: जवळ किंवा लांब, फिका, समुद्र.

पुढच्याच वर्षी, ७१३ मध्ये, गावा-प्रांतांची नावं चांगल्या कांजींत लिहा असा दरबारी हुकूम निघाला आणि नावं दोन कांजींत बसवायची रीत पडली. 'फिका' आणि 'समुद्र' दोन्ही गेले. त्यांच्या जागी एकच कांजी आली, जी चीनमध्ये मुळात यांगत्से नदीची.

आज शिकणारा इथंच हमखास चुकतो. 'ओमी' लिहिताना पहिली कांजी 'जवळ'ची, पण उच्चारात तिचा मागमूस नाही. उच्चारात आहे तो फिका समुद्र, आणि तो लिहिण्यात नाही! लांबच्या प्रांताचं नाव 'तोओतोओमी'. त्यात 'लांब' निदान ऐकू तरी येतं.

हामानाची गंमत वेगळीच. १४९८ च्या मेइओ भूकंपात समुद्राच्या बाजूचा वाळूचा बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरू लागलं आणि सरोवर मचूळ झालं. प्रांताच्या नावातलं पाणी मात्र फिकंच राहिलं.