जडत्व हे बल नव्हे

एसटीने करकचून ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे कलंडतात, आणि 'जडत्वाच्या जोराने आपण पुढे फेकले गेलो' असे त्याचे कारण वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. त्या क्षणी प्रवाशाला पुढे ढकलणारे कोणतेही बल नसते. ब्रेकमुळे बसचा वेग घटतो, तिच्या फरशीशी घर्षणाने बांधलेले पायही मंदावतात, आणि धड मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. वेग बदलू पाहणाऱ्या बलाला वस्तूचा होणारा हा विरोध म्हणजे जडत्व, आणि त्याचे माप म्हणजे वस्तुमान. गॅलिलिओने मांडलेला हा विचार न्यूटनने 1687 मध्ये गतीचा पहिला नियम म्हणून सांगितला.

हा गैरसमज निव्वळ परीक्षेतल्या गुणांपुरता असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मोटारीत पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेऊन बसणाऱ्यांना वाटते की धक्का बसलाच तर आपण त्याला घट्ट धरून ठेवू. ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर वेगाने जाणारी गाडी धडकून 0.1 सेकंदात थांबली, तर 10 किलोच्या मुलाला तितक्याच वेळात थांबवायला सरासरी 1500 न्यूटन बल लागते, म्हणजे सुमारे 150 किलो वजन पेलण्याइतके. कोणत्याही आईवडिलांच्या हातांना हे शक्य नाही. मुलाच्या वयाला साजेशी, नीट बसवलेली बालआसने हे बल पट्ट्यांमधून खांद्यांच्या व कमरेच्या हाडांवर विभागून देतात.