बाराव्या वर्षानंतरचं बडोदे

बडोद्यात शिकवणाऱ्या लेखकांचा विषय निघाला की पहिलं नाव चिं. वि. जोशींचं घेतलं जातं. चिमणरावांचे जनक बडोदे कॉलेजात पाली शिकवत. पण तो पगाराचा, वर्गातला मामला. पदरमोड करून पोरं हाताशी धरायची, त्यांना घडवायचं आणि त्या शिकवण्यातूनच लिहितं व्हायचं, ही परंपरा पाहायची तर दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराकडे वळावं लागतं.

तिची मुळं शाळेच्या कायद्याजवळ जातात. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. त्या कायद्यात मुलांना सात ते बारा वर्षांपर्यंत सक्ती होती, मुलींना दहापर्यंतच. (मुलींची कथा वेगळी लिहायला हवी, ती या लेखात मावणार नाही.) म्हणजे मिसरूड फुटायच्या आत पोरगा सरकारच्या हातून सुटायचा. पुढे काय? वाचणाऱ्यांसाठी मोतीभाई अमीन गावोगाव वाचनालयं उभी करत होते. १९१० मध्ये तर महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बोलावून घेतलं. पण हाती पुस्तक घेऊन बसण्याचा धीर नसलेल्या पोरांचं काय करायचं, याचं उत्तर दरबाराकडे नव्हतं, तालमीकडे होतं.

जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, त्यांचे पट्टशिष्य माणिकराव मराठी. गुरूमागे शिष्याने संस्थेला आपलं नाव दिलं नाही, गुरूचंच ठेवलं. आजच्या फलकबाज दिवसांत ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. जुन्या तालमीत विद्या उस्तादाच्या हातात असायची आणि एका वेळी एकाच शागिर्दाला मिळायची. डाव आणि त्यावरची तोड कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे उस्ताद ठरवणार. माणिकरावांनी ही घडी मोडली. लाठी, लेझीम, मल्लखांब, जोडी (दोन हातांत फिरवायचे मुद्गल) हे सगळं शेकडो मुलांनी एका तालावर करावं अशी रचना त्यांनी बसवली, तिला संघव्यायाम म्हणतात. कवायतीच्या आज्ञा तोवर इंग्रजीत असायच्या, पलटणीकडून आलेल्या. त्या त्यांनी देशी भाषेत आणल्या. यामागे देशाभिमान होताच. पण मला वाटतं, बडोद्याची गरजही होती. दरबार मराठी, गाव गुजराती, उस्ताद उर्दू बोलणारे. एका ओळीत उभ्या राहिलेल्या पोरांना सगळ्यांना कळेल असं काही तरी हवंच होतं.

आखाड्यात पोरं पडतात, सांधे निखळतात. त्यामुळे हाड बसवणं हाही शिक्षणाचाच भाग झाला, आणि माणिकराव हाडवैद्य म्हणून गावभर ओळखले जाऊ लागले. कुस्तीशी काडीचा संबंध नसलेली माणसंही मुरगळलेला पाय घेऊन तिथे जात. महाराजांनी त्यांना ‘राजरत्न’ किताब दिला.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत छोटुभाई आणि अंबुभाई हे पुराणी बंधू होते. गुजरातेतल्या गावांत आखाड्यांची जी चळवळ पसरली, ती बरीचशी या दोघांमुळे. अंबुभाई पुढे पाँडिचेरीला अरविंदांकडे गेले आणि तिथे त्यांनी अरविंदांचं चरित्र लिहिलं. अरविंद स्वतः १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, हा योग नोंदवण्यासारखा.

लिहिण्याचं खरं मोठं काम मात्र द. चिं. मुजुमदारांनी केलं. बडोद्याहूनच त्यांनी ‘व्यायाम’ मासिक चालवलं, आणि १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत काढले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांच्या मल्लखांबापासून हातोहात चालत आलेली विद्या कागदावर उतरवायची, म्हणजे आधी प्रत्येक पकडीला, प्रत्येक उडीला नाव हवं, पाय कुठे आणि वजन कुठे हे शब्दांत सांगता यायला हवं. उस्ताद ते हाताने दाखवून मोकळा होई. जे दाखवायचं ते वाक्यात बसवणं किती जिकिरीचं, हे कुणी मल्लखांबावरचा दसरंग हा प्रकार शब्दांत लिहायला बसला तर कळेल. १९५० मध्ये भारतीय व्यायामावरचा त्यांचा ज्ञानकोश इंग्रजीतही बडोद्याहूनच निघाला. कुस्ती आणि योगाच्या इतिहासावर लिहिणारे परदेशी संशोधक मुजुमदारांचा हवाला देतात तो या इंग्रजी ग्रंथाचा; मराठी दहा खंड त्यांच्या वाचनात क्वचितच येतात.