चालू मशीनमधून कार्ड काढायची सोय आली कुठून

"भाऊ, कार्ड दिखी नही राह्यनं," असा फोन भुसावळहून नाहीतर अमळनेरहून आला की मी आधी एकच विचारतो, कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये खोचायचं मोडेमसारखं जास्तीचं उपकरण, मशीन चालू असताना घातलं का बंद करून? समोरचा म्हणतो त्याने काय फरक पडतो. फरक पडतो, आणि का पडतो ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला त्यातल्या आयसा स्लॉटला, म्हणजे त्या काळी कार्ड खोचायच्या जागेला, वीज चालू असताना हात लावायचाच नाही असा नियम होता. त्या कार्डाचे सगळे सोनेरी पट्टे एकाच लांबीचे, त्यामुळे घालताना आधी वीज टेकेल का ग्राउंड का डेटाची लाईन याचा काही भरवसा नाही, आणि ग्राउंडच्या आधी डेटालाच व्होल्टेज मिळालं की चिप जळू शकते, कधी कार्डावरची तर कधी बोर्डावरची. वर कार्ड कोणतं लागलंय हे मशीनला कळायचं नाही, जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, हलवून आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाईन, आपणच ठरवायची.

मार्ग निघाला लॅपटॉपमुळे. १९८९ मध्ये लॅपटॉपच्या छोट्या कार्डांचे नियम ठरवणारी पीसीएमसीआयए ही संघटना झाली, १९९० ला पहिलं स्टँडर्ड आलं ते फक्त मेमरी कार्डांसाठी, १९९१ ला त्यात मोडेमसारखी कार्डंही चालायला लागली. ६८ पिना, पण लांबी वेगवेगळी, आणि मला आजही हे डोकं फार आवडतं! वीज आणि ग्राउंडच्या पिना सगळ्यात लांब, मग सिग्नलच्या, आणि कार्ड आलं हे सांगणाऱ्या ३६ आणि ६७ नंबरच्या पिना सगळ्यात आखूड, त्याही दोन टोकांना. म्हणजे कार्ड तिरकं गेलं तर एकच टेकते, दुसरी नाही, आणि मशीन समजतं की कार्ड अजून पूर्ण बसलेलंच नाही. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये कार्ड दिसत नसेल तर ड्रायव्हर नंतर, आधी टॉर्च लावून दोन्ही कोपरे बघा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा वाऱ्याबरोबर जी बारीक धूळ येते ती नेमकी तिथेच जाऊन बसते.

१९९५ ला त्याच कार्डांचा पुढचा प्रकार कार्डबस आला, ३२ बिट आणि ३.३ व्होल्ट. ते कार्ड जुन्या १६ बिटी स्लॉटमध्ये शिरतच नाही, खाचच तशी केलीय, तेव्हा जोर लावू नका. सॉफ्टवेअरचा भाग वेगळाच, विंडोज ९५ चालू मशीनमध्ये घातलेलं कार्ड ओळखायचं पण ऑफिसांसाठीच्या विंडोज एनटी ४ ला स्वतःहून जमायचं नाही, आणि तेव्हा बरेच जण स्लॉटलाच दोष देत बसायचे.

सर्व्हरवाल्यांची गरज निराळी, मशीन बंदच करता येत नाही. म्हणून १९९७ ला पीसीआय हॉट-प्लगचं, म्हणजे आयसानंतर आलेल्या पीसीआय स्लॉटमध्ये चालू मशीनवर कार्ड घालण्या-काढण्याचं, स्पेसिफिकेशन आलं. पीसीआयमध्ये बस, म्हणजे डेटा वाहणाऱ्या तारा, सगळ्यांची सामाईक, एक कार्ड ओढलं तर बाकीच्यांचा गोंधळ, त्यामुळे आधी ड्रायव्हर थांबवायचा, मग तो स्लॉट बसपासून तोडायचा, मग त्याची वीज काढायची. पुढे पीसीआयची नवी पिढी पीसीआय एक्सप्रेस आली, तिच्यात हे सगळं स्लॉट सांभाळणाऱ्या कंट्रोलर चिपमध्येच आलं. बटण दाबलं की हिरवा दिवा लुकलुकतो, ५ सेकंदात परत दाबलं तर काम रद्द, दिवा विझला की मगच कार्ड ओढायचं, आणि पिवळा दिवा सतत पेटला तर त्या स्लॉटमध्ये काहीतरी बिघाड आहे. एका पतसंस्थेत मी गेलो तर तिथला मुलगा घाईघाईत बटण दोनदा दाबत होता, म्हणून स्लॉट बंदच होत नव्हता!

घरच्या डेस्कटॉपवाल्यांनी मात्र इथे फसू नये. स्लॉट दिसायला सारखाच असतो पण वीज तोडणारं सर्किट त्या बोर्डावर सहसा नसतं, तेव्हा मशीन बंद करा, वायर काढा, मगच कार्डाला हात लावा.

आणि सर्व्हरला दिवे ठीक असून कार्ड दिसत नसेल तर अजून एक जागा बघायची राहते. मशीन सुरू होतानाच बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, प्रत्येक स्लॉटला मेमरीच्या पत्त्यांची जागा राखून ठेवतो, रिकाम्या स्लॉटला थोडीच, आणि नंतर घातलेल्या मोठ्या कार्डाला ती पुरत नाही. कार्ड आत ठेवून एकदा रीस्टार्ट करा, दिसलं तर बहुतेक स्लॉट चांगलाय, फक्त जागा कमी पडत होती. लिनक्स असेल तर डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या नोंदींमध्ये तसं लिहिलेलंही सापडतं.