सामुदायिक मानसिक आरोग्य आणि महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्था

मनाच्या आजाराची काळजी रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, माणूस जिथे राहतो त्या गावात, वस्तीत किंवा वॉर्डात घेणे म्हणजे सामुदायिक मानसिक आरोग्य. आजार वेळीच ओळखणे आणि उपचारापर्यंत पोहोचवणे हे त्यातले पहिले काम. दारू, कर्ज, एकटेपणा, अवहेलना अशा मन खचवणाऱ्या गोष्टी कमी करणे आणि बरे होऊन आलेल्या माणसाला गावात पुन्हा जागा मिळवून देणे हेही त्यातच येते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये राज्य शासनाची आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात बसतो. मात्र कोणाच्या घरचा कर्ता पुरुष आठ दिवस शेताकडे फिरकलेला नाही, कोणाची सून माणसांत येईनाशी झाली आहे, हे सगळ्यांत आधी कळते ते गल्लीला. म्हणून या विषयात ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांचे स्थान वाटते त्याहून बरेच मोठे आहे.

कायद्यातील जागा

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये लागू झाल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिलेले आहेत. आरोग्य, महिला व बालविकास, समाजकल्याण, उद्याने आणि क्रीडांगणे हे सारे त्यांत सापडते. अपंग व मतिमंद व्यक्तींच्या कल्याणाचा उल्लेखही आहे. मनाच्या आजाराचे नाव मात्र दोन्ही याद्यांत नाही, आणि ही उणीव पुढे ठरावांत, अंदाजपत्रकांत, प्रशिक्षणांत सगळीकडे झिरपलेली दिसते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने प्रत्येकाला परवडणारी आणि घराजवळ मिळणारी सेवा हा हक्क म्हणून दिला. घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा गावात सोय नाही एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यावी, ही तरतूद ११५ व्या कलमात आहे. या सगळ्याची जबाबदारी कायद्याने केंद्र व राज्य शासनावर टाकली. परंतु ‘समाजात राहण्याचा हक्क’ म्हटला की तो समाज कोणत्या तरी ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या हद्दीतच असतो.

दोन खाती आणि मधली फट

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात १९८५ ते १९९० या काळात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत मनोविकारांवर उपचार करून दाखवले. त्या अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. या कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयात, म्हणजे राज्य शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आरोग्यसेविका आणि आशा मात्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. मनाचा डॉक्टर एका साहेबाच्या हाताखाली आणि रुग्णाचे घर माहीत असलेली बाई दुसऱ्या. ही दोन खाती एकमेकांशी बोलतात तिथे काम चालते. बोलत नाहीत तिथे रुग्णाच्या गोळ्या संपतात आणि पुढच्या महिन्यात तो आला नाही, हे कोणाच्या वहीत येत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या आहेत. तो देशातील सर्वांत मोठा आकडा होता.

आशाताईंची वही

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन ठरलेली प्रश्नावली भरायची, त्यातून ताणाचा अंदाज घ्यायचा आणि ज्यांना गरज आहे त्यांना समुपदेशनासाठी पुढे पाठवायचे, ही त्याची रीत. १०४ या आरोग्य हेल्पलाइन क्रमांकाची मदतही जोडून दिलेली आहे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ओसरीवर बसलेल्या माणसाला ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ असे विचारून चालत नाही. तो ‘नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. अनुभवी आशाताई पेरणीपासून, बैलापासून, मुलीच्या लग्नापासून सुरुवात करतात. मग उत्तरे येतात ती अशी : ‘कशात जीव लागत नाही’, ‘रात्री नुसते विचार येत्यात’, ‘छातीत धडधडतं’, ‘हातपाय गळाल्यावानी वाटतं’. या बोलीचे रूपांतर प्रश्नावलीच्या गुणांत करणे हे कौशल्याचे काम आहे. ते करणाऱ्या बाईला मिळतो तो मानधन-मोबदला, पगार नव्हे. तिला नीट प्रशिक्षण आणि पुरेसा मोबदला मिळाल्याशिवाय या कार्यक्रमाला पाया नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

गावातल्याच साध्या माणसांकडून हे काम होते, याला भक्कम पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मानसिक ताणाविषयी बोलायला सुरुवात केली. तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातीलच स्वयंसेवक तयार केले. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवी नैराश्यावर उपचार देऊन पाहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांमधील रुग्णांना झालेला फायदा ठळक होता. हे तिन्ही उपक्रम स्वयंसेवी किंवा संशोधन संस्थांचे. प्रकल्पाची मुदत संपली तरी काम चालू राहायचे असेल, तर ते पंचायतीच्या आराखड्यात यावे लागते.

ठरावांची ताकद

ग्रामपंचायत औषध लिहून देऊ शकत नाही. पण लोकांच्या मनावर रोज पडणारा भार हलका करणारा ठराव ती करू शकते. याचे लख्ख उदाहरण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याचे हेरवाड. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने मे २०२२ मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या प्रेताजवळ बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र तोडायचे, पायातली जोडवी काढायची, हे यापुढे करायचे नाही, असे गावाने ठरवले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. ठरावात ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द शोधायची गरज नाही. दुःखाच्या सर्वांत कोवळ्या घटकेला चारचौघांत होणारी विटंबना आणि नंतर हळदीकुंकवापासून बारशापर्यंत प्रत्येक ठिकाणी बाजूला ठेवले जाणे, याने किती बायकांची मने आतून मोडली असतील! त्या जखमेवर गावाच्या एका ठरावाने हात ठेवला.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद असतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे अंगणात बोलत बसतात आणि साडेआठला पुन्हा भोंगा होतो. करोनाच्या काळात मुलांना लागलेली मोबाइलची सवय हे यामागचे कारण. अशा उपक्रमाचा मनावर झालेला परिणाम मोजणे कठीण आहे. तरी घरातली माणसे रोज दीड तास समोरासमोर येतात, ही गोष्ट लहान नाही.

दारूबाबत गावाच्या हाती अधिक धारदार हत्यार आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार ग्रामसभेच्या ठरावावरून किंवा २५ टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. व्यसन हा स्वतःच एक मनोविकार. शिवाय घरातली मारहाण, कर्ज आणि मुलांची भीती यांचे तेच मूळ. मात्र दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात थरथरतात, ज्याला भास होतात, त्याला त्या दोन-चार दिवसांत वैद्यकीय उपचार लागतात, अन्यथा जिवावर बेतू शकते. बंदीच्या ठरावासोबत आरोग्य केंद्राला कळवण्याची नोंद असावी ती याचसाठी.

कीटकनाशकांचा प्रश्न अजून पंचायतींच्या विषयपत्रिकेवर फारसा आलेला नाही. रागाच्या किंवा निराशेच्या एका झटक्यात हाताशी असलेली बाटली अनेकांचा जीव घेते. तो झटका ओसरेपर्यंत बाटली लांब राहिली तर माणूस वाचतो. तामिळनाडूतील काट्टुमन्नारकोविल भागात गावासाठी सामाईक, कुलूपबंद साठवणघर करून पाहण्यात आले आणि आत्महत्या कमी झाल्याचे आढळले. श्रीलंकेत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन काही साधले नाही. तिथे खरा फरक पडला तो अतिविषारी औषधांवरील बंदीने. बंदी घालणे पंचायतीच्या हातात नाही, पण रिकामे पडलेले एखादे गोदाम मात्र आहे.

शहरांत

महानगरपालिकांकडे स्वतःची रुग्णालये आहेत, हा मोठा फरक. मुंबई महापालिकेच्या केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांतील मनोविकार विभागांत राज्यभरातून रुग्ण येतात. सर्वसाधारण रुग्णालयातच मनोविकारांची ओपीडी असल्याने ‘वेड्यांच्या इस्पितळात नेलं’ हा डाग लागत नाही. पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ने महापालिकेच्या सहकार्याने वस्त्यांमध्ये ‘सेहेर’ हा कार्यक्रम चालवला आहे. त्यात आजाराइतकाच भर शेजार, पोषण आणि घरातल्या आधारावर आहे. वस्तीत बसायला एक झाड, म्हाताऱ्यांना कट्टा, मुलींना निर्धास्त चालता येईल असा उजेडाचा रस्ता या गोष्टी महापालिकेचा उद्यान आणि विद्युत विभाग देतो. त्या मनाच्या आरोग्याच्याही आहेत, असे तिथे क्वचितच कोणी धरते.

पैसा

निधी नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. अपंग हक्क कायदा २०१६ नुसार मानसिक आजार हा २१ प्रकारच्या अपंगत्वांपैकी एक आहे. त्यामुळे स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीत अशा व्यक्तींचाही वाटा आहे. महिला व बालकल्याणाचा १० टक्के निधी, ग्राम आरोग्य समितीचा निधी आणि पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशभरच्या स्थानिक संस्थांना आरोग्याकरिता सुचवलेले सुमारे ७० हजार कोटी रुपये हेही आहेत. अडते ते प्रमाणपत्रापाशी. पायाने अधू असलेल्याचे अपंगत्व गावाला दिसते. पंधरा वर्षे छिन्नमनस्कतेशी (स्किझोफ्रेनियाशी) झुंजणाऱ्याला मात्र ते सिद्ध करायला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागतात, आणि अनेक घरे तो नाद सोडून देतात. ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात त्याच्या एसटीच्या भाड्याची तरतूद करायला कोणताही नियम आड येत नाही. त्यातच २०२२ नंतर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा व महापालिका काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. ज्याच्या दारात जाऊन असे गाऱ्हाणे मांडायचे तो सदस्यच नव्हता.

परत आलेला माणूस

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रासारख्या संस्था रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवतात. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थेची गाडी गावात येते तेव्हा गर्दी जमते, आई गळ्यात पडून रडते. गाडी गेल्यावर खरा प्रश्न उरतो. मतदार यादीतून त्याचे नाव गेलेले असते, भावकीने वाटणी उरकलेली असते. पोरे ‘येडा आला’ म्हणून मागे लागतात. महिन्याच्या गोळ्या तालुक्याहून कोण आणणार, हेही ठरलेले नसते. रहिवासी दाखला, रोजगार हमीचे जॉबकार्ड, दिव्यांग निधीतला हिस्सा, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे त्याच्या औषधांची नोंद आणि शासनाच्या ‘टेलिमानस’ या फोनवरील समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या घरातल्या भिंतीवर लिहून देणे, ही सगळी कामे ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर होतात.